कुणी विचारलंच नाही: भावनिक दुर्लक्षातून सावरायला सुरुवात कशी करायची

सात वर्षांची असताना मी जिन्यावरून पडले. गुडघा चांगलाच फुटला. रडले नाही. नळाखाली पाय धरला, रक्त थांबेपर्यंत पाणी सोडलं, फ्रॉकच्या घेराला लागलेला डाग आतल्या बाजूला दुमडला आणि अभ्यासाला बसले. रात्री घरातल्यांना तो डाग दिसला. "हा कसला डाग? आता निघणार कसा?" एवढीच चौकशी झाली. डाग निघाला. गुडघ्याचं कुणाला कळलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण असं काही सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

आमच्या घरी कुणी मारत नव्हतं. जेवण वेळेवर, कपडे स्वच्छ, शाळेची फी भरलेली. म्हणून पस्तिशी उलटेपर्यंत माझी खात्री होती की माझ्या बालपणात काही वावगं नव्हतं, खोट आहे ती माझ्यातच. सगळं असूनही आतून कोरडं का वाटतं, मदत मागताना तोंडातून शब्द का फुटत नाही, कुणी प्रेमाने जवळ आलं की पळून का जावंसं वाटतं, याचं दुसरं कुठलंच उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तुम्हालाही असंच काही जाणवत असेल आणि 'भावनिक दुर्लक्ष' हा शब्द नुकताच कानावर पडला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही. या वाटेवरून गेली काही वर्षं चालते आहे आणि चालताना जे वाचलं, शिकले, स्वतःवर करून पाहिलं, ते क्रमाने सांगते.

पायरी १: आधी त्याला नाव द्या

मारहाण, शिवीगाळ या घडलेल्या गोष्टी असतात. त्या आठवतात, सांगता येतात. भावनिक दुर्लक्ष म्हणजे न घडलेली गोष्ट. मूल घाबरलं आणि कुणी जवळ घेतलं नाही. मूल आनंदाने धावत आलं आणि समोरच्याने मान वर केली नाही. मूल चिडलं आणि "काय झालं?" ऐवजी "नाटकं बंद कर" असं ऐकू आलं. अधूनमधून हे प्रत्येक घरात होतं. पण वर्षानुवर्षं बहुतेक वेळा हेच होत राहिलं, तर मूल त्यातून एक धडा घेतं: माझ्या मनात जे चालतं त्याचं इथे कुणाला काम नाही. मग ते दाखवायचं थांबतं. आणि पुढे कधीतरी स्वतःही तिकडे बघायचं सोडून देतं.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. आई आपल्या काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखी खेळते आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवून नुसती बघत राहते. बाळाच्या ते लगेच लक्षात येतं. ते हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. आईला परत आणण्यासाठी जवळ जे काही असेल ते सगळं करून पाहतं. काहीच चाललं नाही की मान फिरवतं, अंग आखडून घेतं. प्रयोगात आई लगेच पुन्हा हसते, बाळाला शांत करते. ते मान फिरवलेलं बाळ मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझा नळाखाली धरलेला पाय आठवला. न रडणं हा माझा शहाणपणा नव्हता. माझे सगळे प्रयत्न आधीच करून झाले होते.

याचे परिणाम मनापुरते राहत नाहीत. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेत बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा, म्हणजे मारहाण, घरातलं व्यसन अशा गोष्टींचा, प्रश्नावली देऊन मोठा अभ्यास केला. त्याचा पहिला अहवाल १९९८ मध्ये आला आणि एकूण १७ हजारांहून अधिक प्रौढ त्यात सहभागी झाले. असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसनं आणि हृदयविकारासारख्या आजारांचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात भावनिक दुर्लक्षही त्या यादीत आलं. मात्र एक लक्षात ठेवा, हे हिशेब लोकसमूहाचे आहेत. त्या प्रश्नावलीतले स्वतःचे गुण मोजून आपलं भविष्य ठरवू नका.

ओळखायचं कसं? "तुला काय हवंय?" असं कुणी विचारलं की डोकं रिकामं होतं. कौतुक झालं की घाईघाईने विषय बदलला जातो. दुसऱ्याच्या अडचणीत रात्री-अपरात्री धावून जाता, पण स्वतःचा ताप दोन दिवस कुणाला कळू देत नाही. "काय झालं?" याला तोंडून आपोआप "काही नाही" निघतं आणि ते खोटं आहे हे तुमच्याही लक्षात येत नाही. आणि लहानपणी तुमची ओळख 'फार समजूतदार मूल' अशी असते. हा शब्द मला अजून टोचतो. आठ वर्षांचं मूल कधीच काही मागत नसेल, तर त्याच्या गरजा संपलेल्या नसतात. मागून उपयोग नाही एवढं त्याला कळलेलं असतं.

हा आजार नाही. निदानाच्या यादीत तुम्हाला तो सापडणार नाही. नैराश्य किंवा चिंतेचा विकार सोबत असू शकतो आणि त्यावर रीतसर उपचार असतात. पण दुर्लक्ष ही एक परिस्थिती आहे. त्या परिस्थितीत तुम्ही जे शिकलात ते आज आड येतं आहे.

इथे बहुतेकांचं मन अडखळतं: "पण त्यांनी माझ्यासाठी केवढं केलं!" केलंच. ते कष्ट खरे होते आणि जे मिळालं नाही तेही खरं आहे. कदाचित त्यांनाही कधी कुणी काही विचारलं नसेल. कदाचित आजारपण, पैशाची ओढाताण, एखादं मोठं दुःख, यांत ते स्वतःच बुडालेले असतील. ही कारणं समजून घेतल्याने तुमचा राग निवळेल, पण मुलाला जे हवं होतं ते मागे जाऊन मिळत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी राहू द्या. कुणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता हे काम करता येतं.

पायरी २: नेमकं काय कमी पडलं ते पाहा

'माझ्याकडे दुर्लक्ष झालं' हे वाक्य इतकं मोठं आहे की त्याचं पुढे काय करायचं ते सुचत नाही. जेफ्री यंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने या कमतरतेचे तीन भाग केले आहेत आणि ते मला फार उपयोगी पडले. पहिला, माया: जवळ घेणं, ऊब, कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढणं. दुसरा, समजून घेणं: आपलं ऐकणारं, आपल्याला काय होतंय हे जाणणारं माणूस. तिसरा, पाठीशी कुणी असणं: वाट दाखवणारं, वेळेला आपली बाजू घेणारं.

एका कागदावर हे तीन शब्द लिहा आणि प्रत्येकाखाली एक आठवण लिहा. आठवण मोठी नको, फ्रॉकच्या डागाएवढी पुरे. आठवणच येत नसेल तर तसंच लिहा: 'इथे काही आठवत नाही.' तेही उत्तर आहे. मला माया थोडीफार मिळाली होती. समजून घेणारं मात्र कुणीच नव्हतं. हे कळल्यावर मी सगळीकडे 'प्रेम' शोधणं थांबवलं आणि ऐकून घेणारी माणसं शोधायला लागले. दोन्हींत खूप फरक आहे.

पायरी ३: शरीरापासून सुरू करा

भावनांकडे एकदम जाऊ नका. जो माणूस तीस वर्षं आतला आवाज ऐकत नाही, त्याला "तुझ्या खोल भावना सांग" म्हटलं की तो गोठतो. आधी सोपे आवाज ऐका.

लघवीला लागली की उठा. हे वाचायला विचित्र वाटेल, पण तुम्ही किती वेळा "हे एवढं संपवते आणि मग जाते" म्हणत तासभर थांबता ते आज मोजा. तहान, भूक, झोप, पाठीला आलेली रग, घरात वाजणारी थंडी, या सगळ्या गोष्टी आपण टोलवत असतो. शरीर काही सांगतं आणि आपण त्याला म्हणतो, "थांब, आत्ता नको." लहानपणी आपल्याला जे उत्तर मिळत होतं, तेच आज आपण शरीराला देतो.

दोन आठवडे फक्त एवढंच करा. दिवसातून तीनदा थांबून विचारा: आत्ता शरीराला काय हवंय? जे हवं असेल ते पाच मिनिटांच्या आत द्या. पाणी हवंय तर पाणी. स्वेटर हवाय तर स्वेटर. यातून तुमच्या आतल्या त्या गप्प झालेल्या भागाला पहिल्यांदा कळतं की इथे हाक मारली तर कुणीतरी येतं. मी ही पायरी आधी टाळली होती, फारच किरकोळ वाटली म्हणून. नंतर परत येऊन इथूनच सुरुवात करावी लागली.

पायरी ४: 'वाटतं'चे दोन अर्थ वेगळे करा

समुपदेशनाच्या सुरुवातीच्या दिवसांत मला विचारलं गेलं, "हे सांगताना तुम्हाला काय वाटतंय?" मी म्हणाले, "मला वाटतं की त्यांनाही वेळ नव्हता."

"हा विचार झाला. वाटतंय काय?"

"मला वाटतं की मी उगाच मोठं करतेय."

"हाही विचारच."

मग मी गप्प झाले. तिसरं काही आतून येईना.

आपल्या भाषेत 'वाटणं' दोन कामं करतं. 'मला वाटतं की पाऊस येईल' हा अंदाज आहे. 'मला वाईट वाटतं' ही भावना आहे. शब्द एकच असल्यामुळे आपण बिनदिक्कत अंदाज, मतं, समर्थनं सांगत राहतो आणि भावना सांगितली असं समजतो. यावर मी एक साधी खूण ठरवली: 'वाटतं'च्या मागून 'की' आला तर तो बहुतेक वेळा विचार असतो. 'की' गाळून वाक्य पूर्ण करायचं. "मला... एकटं वाटतं." "मला... भीती वाटते." दोन-तीन शब्दांत संपलं पाहिजे.

भावनेला शब्द न सापडण्याच्या या अवस्थेला पीटर सिफनिओस या मानसोपचारतज्ज्ञाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीक शब्द जोडून 'ॲलेक्सिथायमिया' हे नाव दिलं. अर्थ अगदी सरळ आहे: भावनांसाठी शब्द नसणं. शब्द का महत्त्वाचे? मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना भावना व्यक्त करणारे चेहरे दाखवून मेंदूची छायाचित्रं घेतली. चेहऱ्यावरच्या भावनेला लोक शब्दात नाव देत होते तेव्हा अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूचा भाग, तुलनेने शांत दिसला. शब्द सापडला की आतली तगमग थोडी उतरते, हा अनुभव तुम्हालाही येईल.

आणि शब्दांच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. आपण मात्र 'टेन्शन', 'बोअर', 'कसंतरी' या तीन शब्दांवर आयुष्य काढतो. जरा ही रांग पाहा. हिरमुसणं म्हणजे उत्साहाने पुढे गेलो आणि मागे फिरावं लागलं. खट्टू होणं त्याच्या जवळचं, पण त्यात थोडा लहान मुलाचा रुसवा आहे. रुखरुख म्हणजे काहीतरी करायचं राहून गेलं. हुरहुर म्हणजे काय हवंय ते कळत नाही, पण काहीतरी हवंय. ओशाळणं, खजील होणं यांत दुसऱ्याची नजर असते. अपराधी वाटणं नजरेशिवायही होतं. चिडचिड, वैताग, त्रागा, संताप हे सगळे 'राग' नव्हेत, प्रत्येकाची धग वेगळी. कासावीस, घुसमट, धास्ती हे शब्द तर उच्चारतानाच छातीत जाणवतात. गहिवर, हायसं वाटणं, हलकं वाटणं हेही विसरू नका, कारण दुर्लक्षात वाढलेल्या माणसाला सुखाचे शब्दही सापडत नाहीत.

एक वही करा. रोज रात्री तीन गोष्टी लिहा: आज काय घडलं, शरीरात कुठे काय झालं, आणि त्याला शब्द कोणता. तीन ओळींपेक्षा जास्त नको. माझ्या वहीच्या पहिल्या पानांवर शब्दाच्या जागी सलग अकरा दिवस 'माहीत नाही' लिहिलंय. बाराव्या दिवशी 'कंटाळा'. विसाव्याच्या आसपास 'हिरमुसले' आणि त्याखाली दोन रेघा. त्या दिवशी दुपारी मी एकीला उत्साहाने काही दाखवायला गेले होते आणि ती फोनवरून नजर न काढता "हं" म्हणाली होती. एवढंसं. पण ते मला त्याच दिवशी कळलं होतं. एरवी आठवडाभर विनाकारण कुढत बसले असते.

पायरी ५: आता उत्तर द्या

नुसतं ओळखून थांबलात तर काम अर्धंच होतं. 'मला भीती वाटते' असं वहीत लिहून आपण ती मिटतो, तेव्हा आपणही त्या निर्विकार चेहऱ्यासारखेच वागत असतो. आतून हाक आली की उत्तर गेलं पाहिजे.

पहिलं उत्तर आतून येईल ते जुनंच असेल: "त्यात काय एवढं?", "लोकांना याहून मोठी दुःखं असतात", "आता रडून काय होणार?" त्या आवाजाशी भांडू नका. हा आवाज तुमचा जन्मजात नाही, तुम्ही तो ऐकून-ऐकून पाठ केला आहे. तो ओळखा आणि त्याच्यामागून मुद्दाम दुसरं वाक्य म्हणा. मी वापरते ती वाक्यं अशी आहेत: "हो, लागलंय." "असं झाल्यावर कुणालाही वाईट वाटेल." "मी आहे इथे." "आत्ता काय केलं तर बरं वाटेल?"

पहिले काही आठवडे ही वाक्यं खोटी वाटतील, नाटकी वाटतील, त्यांची लाजही वाटेल. तरी म्हणा, शक्य असेल तर मोठ्याने आणि स्वतःचं नाव घेऊन. हात छातीवर ठेवून म्हटलं तर मला जास्त पोचतं. आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं, तर ते कृतीत उतरवा. "दहा मिनिटं पडून राहावंसं वाटतंय" असं उत्तर आलं आणि तुम्ही भांडी घासायला गेलात, तर विचारायलाच नको होतं.

एखादी जुनी गोष्ट फारच डोकं वर काढत असेल तर लिहून पाहा. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिलं. लिहिल्या-लिहिल्या त्यांना आणखी वाईट वाटलं, पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. शुद्धलेखनाची काळजी नको, कुणाला दाखवायचं नाही. मात्र लिहिताना अंगाला कापरं भरलं, सुन्न व्हायला झालं, तर वही बंद करा. तो विषय समुपदेशकासोबत उघडायचा आहे.

पायरी ६: दुःख येईल, त्याला येऊ द्या

हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते: बरं वाटायच्या आधी बहुधा जास्त वाईट वाटतं. थंडीने बधिर झालेली बोटं ऊब मिळाल्यावर आधी दुखतात, तसंच काहीसं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी एका अनोळखी बाईला आपल्या पडलेल्या मुलाचा गुडघा फुंकताना पाहिलं आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. त्या मुलाला धड खरचटलंही नव्हतं.

हे दुःख कुणाच्या जाण्याचं नाही. जे कधी मिळालंच नाही त्याचं आहे, आणि त्यासाठी कुणी भेटायला येत नाही, कुणी सांत्वन करत नाही. त्याच्यासोबत रागही येतो. आयुष्यात पहिल्यांदा राग आला असेल तर घाबरू नका. रागावलात म्हणून लगेच कुणाला फोन लावू नका, नाती तोडायचे निर्णय घेऊ नका. चाला, लिहा, उशीत तोंड खुपसून ओरडा. मोठे निर्णय दोन-तीन महिने पुढे ढकला.

पायरी ७: एका माणसाला एक छोटी गोष्ट सांगा

हे सगळं एकट्याने करत राहिलात तर पुन्हा तेच झालं: स्वतःचं स्वतः निस्तरणारं समजूतदार मूल. जे माणसांत हरवलं, ते काही प्रमाणात माणसांतच भरून येतं.

माणूस निवडताना मोठमोठ्या बोलण्याकडे बघू नका. तुम्ही काही सांगितल्यावर तो एक तरी प्रश्न विचारतो का? पुढच्या भेटीत त्याला ते आठवतं का? एवढं पाहा. मग छोटं मागा. "आज माझा दिवस वाईट गेला, दहा मिनिटं ऐकशील? सल्ला नको." हे शेवटचे दोन शब्द आवर्जून म्हणा. लोक निष्ठुर नसतात, त्यांना काय करायचं ते कळत नाही म्हणून ते उपाय सांगायला लागतात.

पहिल्यांदा मागताना घसा कोरडा पडेल. मेसेज लिहून तीनदा पुसाल. पाठवल्यावर लगेच "जाऊ दे, काही विशेष नाही" असा दुसरा मेसेज पाठवायची ऊर्मी येईल. तो दुसरा मेसेज तेवढा पाठवू नका.

समोरचा नेहमी उपलब्ध नसेल. त्याचं लक्ष नसेल, तो चुकीचं बोलेल आणि तुमचं मन लगेच दार लावून घेईल: "बघ, म्हणूनच सांगत नव्हते." इथे ट्रॉनिक यांचं आणखी एक निरीक्षण कामाला येतं. चांगल्या, प्रेमळ नात्यातही आई आणि बाळाचे सूर साधारण ३० टक्केच वेळ जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकण्यात आणि पुन्हा जुळवून घेण्यात जातो. नातं धरून ठेवतं ते हे पुन्हा जुळवणं. तेव्हा एकदा चुकल्यावर सांगून पाहा: "मी बोलत होते तेव्हा तू फोन बघत होतास, मला वाईट वाटलं." जो माणूस यावर "अरेरे, खरंच, सांग आता" म्हणतो, तो धरून ठेवा. जो दरवेळी तुम्हालाच दोषी ठरवतो, त्याच्यापुरतं मागणं थांबवा.

पायरी ८: आई-वडिलांशी बोलायचं का?

बोलायलाच हवं असं नाही. त्यांनी मान्य केल्याशिवाय आपण बरे होणार नाही, या समजुतीत पुष्कळ वर्षं वाया जातात. माझीही गेली.

बोलायचंच असेल तर सगळ्या बालपणाचा हिशेब मांडू नका. त्यावर कुणीही आई "मग आम्ही काय काहीच केलं नाही?" असंच म्हणेल. आजची एक गोष्ट घ्या आणि एक विनंती करा: "आई, मी नोकरीचं सांगते तेव्हा तू लगेच दुसऱ्याचं उदाहरण देतेस. आधी माझं पूर्ण ऐकून घेशील का?" काहींना हे जमतं, अगदी सत्तरीतही. माझ्या घरी अर्धवट जमलं. गुडघ्याची गोष्ट मी एकदा सांगितली. थोडा वेळ शांतता, आणि मग "तू सांगायचंस ना." मी काही उत्तर दिलं नाही. त्या संध्याकाळी वहीत शब्द लिहिला: 'पोरकं'. आणि खाली लिहिलं, "हो, लागलं होतं."

पायरी ९: मदत कधी घ्यायची

जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर वरच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवा. आजच जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर, रुग्णालय किंवा मानसिक आरोग्याची हेल्पलाइन गाठा. तसंच दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष गेलं असेल, दारू किंवा इतर कशाने मन बधिर करावं लागत असेल, लहानपणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचारही झाला असेल, तर हे काम एकट्याने करू नका.

बाकीच्यांनाही समुपदेशनाचा फायदा होतोच, कारण तिथे दर आठवड्याला एक माणूस फक्त तुम्हाला ऐकायला बसलेला असतो. आपल्यासारख्यांसाठी तो अनुभवच अर्धं औषध आहे. पहिल्या भेटीत सरळ विचारा: तुमचं शिक्षण काय, बालपणीच्या दुर्लक्षावर काम केलंय का, कसं करता? प्रश्न विचारल्यावर जो वैतागतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. आणि एक सावधगिरी बाळगा. आपण 'चांगले रुग्ण' होतो. समुपदेशकाला बरं वाटावं म्हणून "खूप फरक पडला" म्हणून येतो. मी सहा महिने हे केलं. फरक पडत नसेल तर तसं तिथेच म्हणा. "मागच्या वेळी तुमचं बोलणं मला लागलं" हे समोरच्याला सांगता येणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे.

मुलं असतील तर

हे वाचून पहिली भीती तीच वाटते: मीही माझ्या मुलाशी असंच वागले का? कधीतरी वागला असाल. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने आईसाठी 'पुरेशी चांगली' हा शब्द वापरला होता. मुलाला परिपूर्ण आई लागत नाही. संध्याकाळी जवळ बसून म्हणा, "सकाळी तू काही सांगत होतास, मी ऐकलं नाही. आता सांग." तीन वर्षांच्या मुलाला म्हणा, तेरा वर्षांच्या मुलाला म्हणा. तेराव्या वर्षी उत्तर "काही नाही" असं येईल. थोडा वेळ तिथेच बसून राहा.

मधेच सगळं थांबलं तर

थांबतं. दोन महिने वही लिहिता, मग घरात आजारपण येतं किंवा कामाचा डोंगर कोसळतो, आणि एक दिवस लक्षात येतं की आपण पुन्हा "काही नाही" म्हणायला लागलो आहोत. अशा वेळी पहिल्या पायरीपासून सगळं वाचत बसू नका आणि वहीतली राहिलेली पानं भरून काढू नका. तिसऱ्या पायरीवर या. लघवीला लागली असेल तर उठा. येताना पाणी प्या. थंडी वाजत असेल तर अंगावर काहीतरी घ्या.